हुंडणावळ आणि घरचा किराणा

लातूर जिल्ह्यातील एखादे शेतकरी कुटुंब दिवाळीच्या सुमारास सोयाबीनची पोती मोंढ्यावर नेते, आडत्याकडून हिशेबपट्टी घेते आणि त्याच गाडीने परतताना किराणा दुकानातून तेलाचे पुडे, तूरडाळ, साखर व चहापत्ती घेऊन येते. पट्टीवर सोयाबीनचा भाव लिहिलेला असतो, दुकानदाराच्या चिठ्ठीवर तेलाचा. या दोन्ही कागदांवर न लिहिलेला, परंतु दोन्ही भावांत मुरलेला एक आकडा मात्र तेथून कितीतरी दूर, मुंबईच्या परकीय चलन बाजारात, रोज ठरत असतो. एका अमेरिकन डॉलरसाठी किती रुपये मोजावे लागतात, हा तो आकडा होय.

'रुपया घसरला' किंवा 'रुपया सावरला' अशा मथळ्याची बातमी वृत्तपत्रात आली की पुष्कळसे वाचक पान उलटतात. हा विषय मोठ्या व्यापाऱ्यांचा व बँकांचा आहे, अशी समजूत रूढ आहे. याच्या अगदी उलट असाही एक समज आहे. रुपया दहा टक्क्यांनी उतरला म्हणजे बाजारातील प्रत्येक वस्तू दहा टक्क्यांनी महागणार, असे काहीजण मानतात. या दोन्ही समजुतींत तथ्य थोडे आहे. विनिमय दराचा परिणाम प्रत्येक घरापर्यंत पोहोचतो हे खरे. पण तो प्रत्येक वस्तूवर सारखा होत नाही आणि प्रत्येक माणसाला एकाच दिशेने ढकलत नाही. तो कोणाला झळ देतो आणि कोणाच्या पदरात काही टाकतो, हे पाहणे म्हणूनच अगत्याचे ठरते.

दर म्हणजे काय?

दोन देशांच्या चलनांची परस्परांशी जी अदलाबदल होते, तिच्या प्रमाणाला विनिमय दर म्हणतात. जुन्या मराठीत यासाठी 'हुंडणावळ' हा सुंदर शब्द होता. हुंडी वटविताना जी कसर द्यावी-घ्यावी लागे, तिच्यावरून तो आला. शंभर वर्षांपूर्वीच्या मराठी वृत्तपत्रांत हुंडणावळीच्या प्रश्नावर तावातावाने लिहिले जात असे. आज तो शब्द मागे पडला असला तरी त्यातील व्यवहार तोच आहे. डॉलर ही बाजारातील एक वस्तू समजावी आणि रुपयांत सांगितलेली तिची किंमत म्हणजे विनिमय दर. डॉलर महाग झाला याचाच अर्थ रुपया स्वस्त झाला.

ही किंमत नेहमीच बाजारात ठरत असे, असे मात्र नाही. सप्टेंबर १९४९ मध्ये ब्रिटिश पौंडाबरोबर रुपयाचेही अवमूल्यन झाले आणि डॉलरचा दर ४.७६ रुपयांवर आला. ६ जून १९६६ रोजी शासनाने तो ७.५० रुपये केला. सप्टेंबर १९७५ पर्यंत रुपया पौंडाला बांधलेला होता. पुढे तो अनेक चलनांच्या समूहाशी जोडण्यात आला. जुलै १९९१ मध्ये परकीय चलनाची गंगाजळी जेमतेम दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरती उरली असताना, १ व ३ जुलै अशा दोन टप्प्यांत रुपयाची किंमत कमी करण्यात आली. मार्च १९९३ पासून मात्र हा दर बाजारातील मागणी व पुरवठ्यावर सोपविण्यात आला. रिझर्व्ह बँक दर ठरवीत नाही. तो फार हेलकावे खाऊ लागला तर स्वतः डॉलर विकून किंवा विकत घेऊन ते हेलकावे कमी करण्याचा प्रयत्न करते. डिसेंबर २०२५ मध्ये डॉलरने ९० रुपयांची रेषा प्रथमच ओलांडली.

येथे शब्दांतील एक भेद लक्षात ठेवावा. शासन अधिकृत निर्णय घेऊन चलनाची किंमत कमी करते, तेव्हा त्याला अवमूल्यन म्हणतात. बाजारात ती आपोआप उतरते, तेव्हा ती घसरण होय. १९६६ व १९९१ साली अवमूल्यन झाले. त्यानंतर वेळोवेळी जे घडले ती घसरण. स्वयंपाकघरात याचा परिणाम सारखाच दिसतो, परंतु चर्चेत हे दोन शब्द एकमेकांत मिसळले की गोंधळ होतो.

एक किलो तेलाचा हिशेब

आपल्या देशाला लागणाऱ्या खाद्यतेलापैकी निम्म्याहून अधिक तेल बाहेरून येते. पामतेल मुख्यतः इंडोनेशिया व मलेशियातून, सोयाबीन तेल अर्जेंटिना व ब्राझीलमधून, तर सूर्यफूल तेल रशिया व युक्रेनमधून. विकणारा देश कोणताही असो, सौदा टनामागे डॉलरच्या भावाने होतो. इंडोनेशियाच्या रुपियाचा किंवा अर्जेंटिनाच्या पेसोचा आपल्याशी थेट संबंध येत नाही. जगातील बहुतेक कच्चा माल डॉलरमध्ये मोजला जातो, म्हणून डॉलरचा दर हाच आपल्या दृष्टीने महत्त्वाचा ठरतो.

समजावयास सोपा असा एक हिशेब मांडू. कच्च्या तेलाचा भाव बंदरापर्यंतच्या भाड्या-विम्यासह टनाला १,००० डॉलर आहे असे धरा. म्हणजे एका किलोला बरोबर एक डॉलर. डॉलर ७५ रुपयांना असताना हे तेल बंदरात ७५ रुपये किलोने उतरले. आयात शुल्क २० टक्के धरले तर १५ रुपये झाले, एकूण ९०. पुढे शुद्धीकरण, पुड्यात भरणे, मालमोटारीचे भाडे, घाऊक व किरकोळ व्यापाऱ्यांचा नफा मिळून २० रुपये. ग्राहकाला तेल ११० रुपये किलो पडले. वस्तू व सेवा कर हिशेबाच्या सोयीसाठी येथे बाजूला ठेवला आहे.

आता जगाच्या बाजारात तेलाचा भाव एका सेंटनेही हललेला नाही, पण डॉलर ९० रुपयांचा झाला. तेल बंदरात ९० रुपयांना उतरेल. शुल्क टक्केवारीने असल्यामुळे तेही १५ वरून १८ रुपयांवर जाईल. बेरीज १०८ रुपये. देशांतर्गत खर्च २० रुपयेच राहिला, तर ग्राहकाच्या हाती तेल १२८ रुपयांना पडेल. डॉलर २० टक्क्यांनी वाढला. तेल सुमारे १६ टक्क्यांनी महागले.

या छोट्या बेरजेत दोन गोष्टी दडलेल्या आहेत. पहिली ही की भावाचा जो भाग रुपयातच जन्मतो, म्हणजे मजुरी, भाडे व नफा, तो भाग दराच्या धक्क्यापासून निदान काही काळ सुरक्षित राहतो. हा भाग जितका मोठा, तितका धक्का सौम्य. दुसरी ही की टक्केवारीने आकारलेला कर धक्का वाढवितो. दरातील फरक किलोमागे १५ रुपयांचा होता, ग्राहकाला मात्र १८ रुपये जादा द्यावे लागले आणि त्यांतील ३ रुपये शासकीय तिजोरीत गेले. शुल्काचा दर न वाढविताही वसूल होणारा हा वाढीव कर फारसा कोणाच्या नजरेस येत नाही.

सोन्याचे गणित याहून सरळ आहे, कारण त्यात घडणावळ वगळली तर रुपयात जन्मणारा भाग जवळजवळ नसतोच. जगाच्या बाजारात सोने औंसाच्या मापाने डॉलरमध्ये विकले जाते आणि हा औंस सुमारे ३१.१ ग्रॅमचा असतो. औंसाला २,००० डॉलर भाव धरला तर १० ग्रॅम सोने ७५ च्या दराने सुमारे ४८,२०० रुपयांना आणि ९० च्या दराने सुमारे ५७,९०० रुपयांना पडते. जळगावच्या सराफ बाजारात भाव सांगणारा सराफ हे दोन्ही आकडे, औंसाचा आणि डॉलरचा, सकाळीच पाहून ठेवतो. तिसरा आकडा आयात शुल्काचा. जुलै २०२४ मध्ये हे शुल्क १५ टक्क्यांवरून ६ टक्के करण्यात आले, तेव्हा रुपया जागचा हलला नव्हता, तरीही सोने एकाएकी स्वस्त झाले.

घर न सोडणाऱ्या वस्तू

मेथीची जुडी, गावच्या डेअरीचे दूध, न्हाव्याचे केस कापणे, पिठाची गिरणी. यांचा डॉलरशी संबंध काय, असा प्रश्न कोणी विचारील. थेट संबंध नाही हे मान्य केले पाहिजे. परंतु मेथी ज्या टेम्पोने शहरात येते, त्याला डिझेल लागते. देशाला लागणाऱ्या खनिज तेलापैकी ८५ टक्क्यांच्या आसपास तेल आयात होते. शेतात टाकलेल्या खताच्या पोत्यातील पालाश जवळजवळ सर्वच परदेशी असते. युरियाची विक्री-किंमत केंद्र शासन ठरवून देते. त्यामुळे डॉलर वाढला तरी शेतकऱ्याला पोते त्याच किमतीस मिळते. वाढीव खर्च नाहीसा होत नाही, तो अनुदानाच्या रूपाने अंदाजपत्रकात जाऊन बसतो.

तुरीची गोष्ट निराळी आहे. मराठवाडा व विदर्भात तूर भरपूर पिकते, तरीही देशाची गरज पुरी होत नाही. २०१६ साली मोझांबिकशी आणि २०२१ साली म्यानमार व मलावीशी तुरीच्या आयातीसाठी करार करण्यात आले. खपाच्या मानाने ही आयात थोडी असते. पण भाव ठरविताना तिचे वजन तिच्या आकारमानापेक्षा अधिक भरते. पावसाने दगा दिलेल्या वर्षी अखेरची लाख-दोन लाख टन तूर ज्या भावाने बंदरात उतरेल, त्याच्या आसपास अकोल्याची तूरही विकली जाते. एकाच दुकानातील एकाच प्रतीच्या डाळीला दोन भाव लागत नाहीत.

जी वस्तू बाहेर जाऊ शकते, तिच्याबाबतही असेच घडते. कापूस, तांदूळ व साखर या वस्तू आपण पिकवितो आणि आपणच वापरतो. तथापि निर्यात खुली असेल, तर व्यापाऱ्यापुढे दोन गिऱ्हाइके उभी असतात, एक देशातील व दुसरे परदेशातील. रुपया उतरला की परदेशी गिऱ्हाइकाचे डॉलर जास्त रुपये आणतात आणि देशातील गिऱ्हाइकाला तेवढे मोजावे लागतात. शासनाने निर्यातीवर बंदी किंवा कर घातला की हा दुवा तुटतो. कांदा उत्पादकांच्या आंदोलनांमागील अर्थशास्त्र बहुतांशी एवढेच आहे.

पंपावरचा भाव

खनिज तेलाचे एक पिंप म्हणजे सुमारे १५९ लिटर. पिंपाला ८० डॉलर भाव धरला तर लिटरला साधारण अर्धा डॉलर होतो. डॉलर ७५ चा असेल तर पावणेअडतीस रुपये, ९० चा असेल तर सव्वापंचेचाळीस. म्हणजे केवळ दरापोटी लिटरमागे साडेसात रुपयांचा फरक. केंद्राचे उत्पादन शुल्क लिटरमागे ठरावीक रुपयांत असते. दर बदलल्याने ते बदलत नाही. राज्याचा मूल्यवर्धित कर मात्र मुख्यतः टक्केवारीने असतो.

प्रत्यक्ष पंपावर हे गणित रोजच्या रोज दिसते काय? दिसत नाही. एप्रिल २०२२ च्या पहिल्या आठवड्यानंतर तेल कंपन्यांनी पेट्रोल-डिझेलच्या भावात दीर्घ काळ बदल केला नाही. मध्यंतरी भाव उतरले ते केंद्राने मे २०२२ मध्ये व महाराष्ट्र शासनाने जुलै २०२२ मध्ये कर कमी केल्यामुळे. कंपन्यांनी स्वतः लिटरमागे २ रुपयांची कपात केली ती मार्च २०२४ मध्ये. या दोन वर्षांत डॉलर सुमारे ७६ रुपयांवरून ८३ रुपयांवर गेला आणि खनिज तेलाचा भाव चढून पुन्हा उतरला. रुपयाची घसरण व तेलाची स्वस्ताई यांनी एकमेकांस पुष्कळसे झाकून टाकले आणि राहिलेला फरक कधी कंपन्यांनी सोसला, कधी त्यांच्या नफ्यात गेला. तेव्हा पंपावरच्या फलकाकडे पाहून विनिमय दराचा अंदाज बांधणे व्यर्थ आहे.

सोळा पेन्स की अठरा?

आतापर्यंत आपण ग्राहकाच्या बाजूने पाहिले. तराजूला दुसरेही पारडे आहे. त्याची ओळख करून घेण्यास मुंबई इलाख्यात शंभर वर्षांपूर्वी गाजलेला हुंडणावळीचा वाद फार उपयोगी पडतो. एका रुपयाचे मोल १६ ब्रिटिश पेन्स असावे की १८, असा तो प्रश्न होता. दोन पेन्सांसाठी एवढा कोलाहल कशाला, असे आज वाटेल.

एका पौंडाचे २४० पेन्स होत. रुपया १६ पेन्सांचा धरला तर पौंडाला १५ रुपये मिळत. १८ पेन्सांचा धरला तर १३ रुपये ५ आणे ४ पै. वऱ्हाडातील कापसाची एखादी गठडी लिव्हरपूलच्या बाजारात १० पौंडांना विकली गेली असे समजा. पहिल्या दराने तिचे १५० रुपये झाले असते. दुसऱ्या दराने १३३ रुपये ५ आणे ४ पै. सुमारे १७ रुपये वाटेतच गळाले. उलट लँकेशायरहून आलेले एक पौंड किमतीचे कापड मुंबईत १५ ऐवजी १३ रुपये ५ आणे ४ पैला पडे, म्हणजे गिरणगावातील कापडाला स्पर्धा अधिक कडक होई. गिरणीमालक, कापसाचे व्यापारी व अनेक राष्ट्रीय पुढारी १६ पेन्सांच्या बाजूने उभे राहिले ते यामुळे. हिल्टन यंग आयोगाने १९२६ मध्ये १८ पेन्सांची शिफारस केली. आयोगाचे एक सदस्य सर पुरुषोत्तमदास ठाकुरदास यांनी आपले भिन्न मत नोंदविले. अखेर १९२७ च्या कायद्याने १८ पेन्सांचा दर कायम झाला.

या वादाच्या आधीच, १९२३ साली, डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचा रुपयाच्या प्रश्नावरील इंग्रजी ग्रंथ लंडनमध्ये प्रसिद्ध झाला होता. पुढे याच आयोगापुढे त्यांची साक्षही झाली. उतरत्या रुपयामुळे निर्यातदाराला जो लाभ होतो तो देशाला बाहेरून मिळालेली भेट नव्हे, असे त्यांनी त्या ग्रंथात दाखवून दिले. देशातील भाव चढतात, परंतु मजुरी त्या वेगाने चढत नाही. मजुराच्या वेतनाची खरी किंमत कमी होते आणि ती तूट निर्यातदाराच्या नफ्यात जमा होते. एका वर्गाचा लाभ दुसऱ्या वर्गाच्या खिशातून येतो. हुंडणावळीच्या चर्चेत गिरणीमालक व सरकार असे दोनच पक्ष बोलत असताना, मजुराला तिसरा पक्ष म्हणून उभे करणारा हा विचार होता. आजही रुपया उतरल्याने निर्यातीला चालना मिळेल असे कोणी म्हणते, तेव्हा तेलाचा पुडा घेणाऱ्या रोजंदारीच्या मजुराचा हिशेब त्यात धरला आहे काय, हे विचारणे रास्त आहे.

एकाच घरातील दोन पारडी

लातूरच्या ज्या कुटुंबाचा उल्लेख प्रारंभी केला, त्याच्या घरात ही दोन्ही पारडी एकाच वेळी असतात. रुपया उतरला की आयात तेल महागते आणि स्वयंपाकघराचा खर्च वाढतो. पण आयात तेल महागले तर देशी तेलगिरण्यांना सोयाबीनचा भाव थोडा अधिक देणे परवडते. सोयापेंड परदेशी जाते, तिचेही जास्त रुपये येतात. तेव्हा या घराने रुपया उतरावा अशी इच्छा करावी की चढावा अशी?

उत्तर वाटते तितके सोपे नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्र शासनाने कच्च्या पाम, सोयाबीन व सूर्यफूल तेलावरील मूलभूत सीमाशुल्क शून्यावरून २० टक्के केले. परिणामाच्या दृष्टीने हे रुपया मोठ्या प्रमाणात उतरल्यासारखेच होते. तेल महागलेही. सोयाबीनचा बाजारभाव मात्र त्या हंगामात बराच काळ क्विंटलला ४,८९२ रुपये या हमीभावाच्या खालीच राहिला. याचे कारण सोयाबीनच्या दाण्यातच आहे. त्यात तेल सुमारे १८ टक्के. उरलेला बहुतेक भाग पेंडीचा. पेंडीला जगाच्या बाजारात त्या वर्षी उठाव नव्हता आणि दक्षिण अमेरिकेतील पेंड स्वस्त होती. तेलाने दिलेला हात पेंडीने काढून घेतला. मे २०२५ च्या अखेरीस कच्च्या तेलावरील हे शुल्क १० टक्क्यांवर आणण्यात आले. ग्राहकाला दिलासा मिळाला, उत्पादक नाराज झाले. ज्याच्याकडे विकावयास पाच-दहा पोतीच आहेत आणि तेल बारा महिने विकत घ्यावे लागते, त्या अल्पभूधारकाचे हित पुष्कळदा ग्राहकाच्या बाजूलाच जास्त असते, असे प्रस्तुत लेखकास वाटते. बोलताना मात्र त्याची गणना नेहमी उत्पादकांत होते.

नाशिकचा कांदा कोलंबोत

विनिमय दराचा विचार करताना आपण स्वाभाविकपणे आपल्याच रुपयाकडे पाहतो. परंतु गिऱ्हाइकाचे चलन कोसळले तरीही व्यापार बदलतो. श्रीलंका हा आपल्या कांद्याचा जुना ग्राहक. मार्च २०२२ च्या आरंभी तेथे एका डॉलरला सुमारे २०० श्रीलंकन रुपये पडत. मे महिन्यात ३५० हून अधिक पडू लागले. कांदा किलोला ३० सेंट या भावाने कोलंबो बंदरात उतरतो असे धरले, तर त्याची किंमत ६० श्रीलंकन रुपयांवरून १०५ च्या पुढे गेली. लासलगावच्या शेतकऱ्याने भाव वाढविला नव्हता. आपला रुपयाही त्या प्रमाणात हलला नव्हता. तरीही कोलंबोच्या गृहिणीसाठी तोच कांदा जवळजवळ पावणेदोनपट महागला. अशा वेळी ती निम्मा कांदा घेते आणि त्याची झळ फिरून नाशिकच्या बाजारपेठेला बसते. द्राक्षे युरोपला जातात, तेथे युरोचा दर पाहावा लागतो. डॉलरच्या तुलनेत रुपया उतरला, पण युरो त्याहून अधिक उतरला, तर वृत्तपत्रात 'रुपयाची घसरण' असे छापून येते आणि द्राक्ष बागायतदाराच्या हाती कमीच रुपये पडतात.

एका रुपयाची दोन मोजमापे

परदेशातून आलेला पाहुणा येथे चहा पिऊन किंवा केस कापून घेऊन पैसे देतो, तेव्हा येथील स्वस्ताईचे त्याला आश्चर्य वाटते. आपला मुलगा परदेशातून पत्र पाठवितो, तेव्हा तेथील केस कापण्याची किंमत ऐकून आपण थक्क होतो. दोघेही विनिमय दराने गुणाकार करीत असतात. तेल, सोने, तांबे यांसारख्या जहाजातून जाणाऱ्या वस्तूंच्या किमती देशोदेशी फारशा वेगळ्या राहू शकत नाहीत. न्हाव्याची कात्री मात्र जहाजात बसून दुसऱ्या देशात रोज केस कापावयास जाऊ शकत नाही. तेथे स्थानिक मजुरीच किंमत ठरविते.

यासाठी अर्थशास्त्रज्ञ क्रयशक्तीच्या समतेचे निराळे माप वापरतात. स्वीडनचे गुस्ताव्ह कासेल यांनी पहिल्या महायुद्धाच्या सुमारास ही कल्पना मांडली. जागतिक बँकेच्या नेतृत्वाखालील आंतरराष्ट्रीय तुलना कार्यक्रमात २०१७ सालासाठी असे आढळले की अमेरिकेत एका डॉलरला जेवढ्या वस्तू व सेवा येतात, तेवढ्या भारतात सरासरी २०.६५ रुपयांना येतात. त्या वर्षी बाजारातील विनिमय दर ६५.१२ रुपये होता. लंडनचे 'द इकॉनॉमिस्ट' साप्ताहिक १९८६ पासून हीच तुलना एका प्रसिद्ध अमेरिकन कंपनीच्या बर्गरवरून करीत आले आहे. भारतापुरते त्याला गोमांसाऐवजी कोंबडीच्या मांसाचा बर्गर धरावा लागतो.

या दोन मापांतील अंतर कोणाच्या जिवावर बेतते, तर जो रुपयात कमावतो आणि डॉलरमध्ये खर्च करतो त्याच्या. पुण्यातील एखाद्या निम्न-मध्यमवर्गीय घराने मुलीच्या अमेरिकेतील शिक्षणासाठी वर्षाला ३०,००० डॉलर शुल्काचा अंदाज बांधला. ७५ च्या दराने ते साडेबावीस लाख रुपये होते. ९० च्या दराने सत्तावीस लाख. विद्यापीठाने शुल्क वाढविलेले नाही, तरीही कर्जाचा बोजा साडेचार लाखांनी वाढला.

याच्या नेमके उलट चित्र रत्नागिरी जिल्ह्यात दिसते. मनिऑर्डरीवर चालणारे कोकण असे पूर्वी म्हणत. त्या काळी पैसा मुंबईहून येई, पुढे तो आखातातूनही येऊ लागला. संयुक्त अरब अमिरातीचा दिरहम डॉलरला ३.६७२५ या प्रमाणात बांधलेला आहे. खेड किंवा चिपळूणच्या घरी महिन्याला १,००० दिरहम येत असतील, तर डॉलर ७५ चा असताना ते सुमारे २०,४०० रुपये होतात आणि ९० चा झाल्यावर सुमारे २४,५००. अर्थात त्याच घरातील तेल, गॅस व डाळही मध्यंतरी महागलेली असते. आखातात एके काळी आपलाच रुपया चालत असे, हे आज फार थोड्यांना ठाऊक असेल. रिझर्व्ह बँकेने १९५९ साली त्या प्रदेशासाठी वेगळ्या नोटा काढल्या होत्या. १९६६ च्या अवमूल्यनानंतर कतार व दुबईसारख्या संस्थानांनी आपापली चलने सुरू केली.

भाव केव्हा बदलतो?

आज रुपया उतरला म्हणजे उद्या सकाळी तेल महागले पाहिजे, असे नाही. आज दुकानात असलेला पुडा कदाचित दोन-तीन महिन्यांपूर्वी झालेल्या सौद्याचा असतो. मोठे आयातदार पुढील काही महिन्यांचा डॉलरचा दर बँकेकडे आगाऊ बांधून घेतात. त्यासाठी थोडी जादा रक्कम मोजतात आणि तेवढा काळ निर्धास्त राहतात. लहान व्यापाऱ्याला हे सहसा परवडत नाही. याशिवाय आपल्या गिऱ्हाइकाने दुसऱ्या दुकानाची पायरी चढू नये म्हणून काही उत्पादक थोडी तूट सोसतातही. रुपया पुन्हा सावरला तर भाव उतरावयास हवेत. ते उतरतातही, परंतु चढताना दिसलेली लगबग उतरताना दिसत नाही, हा ग्राहकांचा अनुभव निराधार नाही. जेथे स्पर्धा भरपूर आहे त्या मालात हा विलंब थोडा असतो. जेथे दोन-चार कंपन्यांचीच मक्तेदारी आहे तेथे तो अधिक असतो.

भाव न वाढविता भाववाढ करण्याचीही एक रीत आहे. पुड्याची किंमत तीच ठेवून आतील माल कमी करावयाचा. एक लिटर तेलाचे वजन साधारण ९१० ग्रॅम भरते. त्याच आकाराच्या दिसणाऱ्या पुड्यात ८५० किंवा ८०० ग्रॅम भरलेले असू शकतात आणि घाईत घेणाऱ्याच्या ते ध्यानात येत नाही. वैध मापनशास्त्राच्या नियमांनुसार आवेष्टित वस्तूंवर निव्वळ वजन व कमाल किंमत यांच्या जोडीला एकक विक्री किंमत, म्हणजे एका ग्रॅमला, किलोला वा लिटरला पडणारा भाव, छापणे बंधनकारक आहे. बारीक अक्षरांतील हा आकडा मागील महिन्याच्या पुड्यावरील आकड्याशी ताडून पाहिला, तर भाव खरोखर किती बदलला ते दुकानातच कळते. रुपयाचा त्या दिवसाचा संदर्भ दर कामकाजाच्या दिवशी दुपारी जाहीर होतो आणि दुसऱ्या दिवशीच्या बहुतेक वृत्तपत्रांच्या व्यापारविषयक पानावर तो सापडतो.